निवळ पाणी

मित्रांसोबतच्या राक्षस-जादूगारांच्या खेळासाठी धम्मपालनं वहीत एक रोग रचला होता. रोग्यानं हात कितीही धुतले तरी मळ निघत नाही, पाणी निवळच पडतं. त्याचा पंचा घेईल त्याला लागण. उपायाची ओळ अजून कोरीच होती.

दुपारी बाबा भरवेलीच्या खाणीतून आले. काळेकुट्ट हात त्यांनी नळाखाली चोळचोळ चोळले. पाणी निवळ.

"काहून निघून नाही राह्यलं रे हे?" हात पुसून त्यांनी पंचा फेकला. रोजच्या सवयीनं धम्मपालनं तो झेलला.

मग त्यानं शाईनं माखलेली आपली बोटं नळाखाली धरून चोळली. पाणी निवळ.

"पंचा आन इकडे, धुवाले टाकाचा हाय."

तो "नको" म्हणायच्या आत मायनं कणकेच्या हातानं पंचा ओढून घेतला आणि नळ सोडला.