नरसाळं

लेक आंघोळीला गेली की आई फ्रीजमधून तिचा ‘लो फॅट’ दुधाचा खोका काढायची. आतलं पांचट दूध स्वतः घटाघटा पिऊन टाकायची आणि नरसाळं लावून खोक्यात फुल क्रीम दूध भरायची, साईसकट. मग नरसाळं विसळून भांड्यांमागे दडवायची. चीजचंही तेच, वेष्टन कमी चरबीचं आणि आत नेहमीचं. वेष्टनावरचे आकडे वाचल्याशिवाय लेक हल्ली घासही तोंडात घालत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन आणखी उतरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

आज नरसाळं ओट्यावरच राहिलं. लेक केस पुसत आली आणि तिनं ते उचललं. आई पुढे धावली.

“फसवलं गं मी तुला. हवं तर शिव्या दे, पण पिणं थांबवू नकोस. पाया पडते तुझ्या.”

लेकीनं नळ सोडला आणि नरसाळं आतून बोटानं घासलं.

“तू नुसतं विसळतेस. साय चिकटून राहते. महिनाभर मागाहून मीच धुतेय.”

मग तिनं पेला पुढे केला. नजर खोक्यावरच्या आकड्यांवर ठेवली.

“ओत. पण खोक्यातूनच ओत.”