सोफ्याचे ज्वलन

अग्निशमन महाविद्यालयाने पालकांसमोर प्रात्यक्षिक ठेवले होते. तीन भिंतींच्या खोलीतला जुना सोफा पेटवण्याचे काम धाकटीकडे आले. गेल्या वर्षी घराला आग लागली तेव्हा तिचा दादा अशाच सोफ्यावर झोपला होता; तो गेला, आणि तिने इथे प्रवेश घेतला. आधी फोम वितळला, मग छताखाली साचलेला धूरच पेटला. तापमापकाचा आकडा चढत गेला. धाकटीच्या मनात काहीच हलले नाही. आग विझवून ती आईशेजारी बसली. “दादाला कळलं असेल का गं?” आईने विचारले. उत्तर केव्हाचे तयार होते. “नाही, आई. ज्वाळेआधी विषारी वायू पोचतो. झोपलेल्याला जागच येत नाही.” आई सोफ्याच्या उघड्या स्प्रिंगांकडे बघत राहिली. मग तिने लेकीच्या खांद्यावरची राख झटकली. “परीक्षेत असं लिहू नकोस, बाई. नापास करतील. तो दाराशी सापडला होता.”