वडिलांचा रकाना

"पणजोबांनी अमेरिकेत लग्न करताना वडील 'मयत' असं लिहिलंय. पण जर्मनीतल्या चर्चच्या वहीत तेच वडील पुढे वीस वर्षं जिवंत! हे कसं?" विस्कॉन्सिनच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

साउथहॅम्प्टनमध्ये बसून लोकांच्या वंशावळी शोधून देणारे उदय पारसनीस हसले. "भांडून गेलेली पोरं बापाला कागदावर मारून मोकळी व्हायची. नेहमीचंच आहे. मनाला लावून घ्यायचं नसतं."

कॉल संपल्यावर त्यांनी टपालानं आलेलं पाकीट फोडलं. मुलानं लग्नाला बोलावलं नव्हतं, म्हणून निदान लग्नाचा दाखला तरी नोंदणी कार्यालयातून मागवला होता.

"अहो, वडिलांचं नाव घातलंय ना परीक्षितनं?" नीनाताईंनी विचारलं.

"घातलंय की," ते म्हणाले आणि नावापुढचा 'मयत' हा शब्द अंगठ्याखाली झाकून दाखला बायकोसमोर धरला.