चाकू घट्ट आहे

म्हशीच्या शिंगाची मूठ. तीन पितळी खिळे.

वीतभर सुतळी, गाठ न सोडता सरकवून काढलेली.

माघातला कापूस, गाडीभर. त्यातला थोडा लाल.

चार महिने पावसाळा. जप्तीचा माल ठेवतात त्या मालखान्यात ओल.

पंचफुलेला नवरा एक. भाऊही एकच होता.

एकोणीसशे अठ्ठावन्न, आश्विन. यवतमाळच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हबीब उस्ताद उभा होता आणि सगळे त्याच्या हातांकडे बघत होते.

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात मुकुटबनचा नीळकंठ, पंचफुलेचा नवरा. त्याचं म्हणणं असं, की गाडीवरचा दोर कापून त्याने चाकू मिटला होता. चाकू हातातच होता. मेहुणा सदाशिव थट्टेत अंगाशी झोंबला, दोघे पडले आणि चाकू आपोआप उघडला. सरकारचं म्हणणं, चाकू उघडाच होता आणि तो सदाशिवच्या मांडीत घातला. सदाशिव त्यातच गेला.

चाकू हबीबच्या हातचा. पात्यावर त्याची खूण, चंद्रकोर. नीळकंठचे वकील दीनानाथराव यांनीच त्याला साक्षीला बोलावलं होतं. चाकू ढिला आहे, एवढं हबीबने सांगितलं की नीळकंठ सुटणार होता. नाही तर जन्मठेप.

"उस्ताद, तपासा."

हबीबने चाकू आधी नुसता तोलला. मोठा चाकू, मिटलेलाही मूठ भरून उरणारा. मग नखाने पातं वर काढलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून पाठीवरून नजर फिरवली. सरळ. धार अंगठ्याच्या नखावर टेकवली. घसरली नाही. पातं आणि मूठ यांच्या मध्ये कागदही शिरला नसता. चाळीस वर्षांत असे सात-आठच जमले होते. क्षणभर तो कुठे उभा आहे हे विसरला.

मिटताना पातं करकरलं.

त्याने सांध्यावर बोट फिरवलं. बोट तांबूस झालं.

मग त्याला सगळं कळलं. पात्याला धरून ठेवणारी मुठीतली पोलादी कमान मेलेली होती. पण सांध्यात गंज बसला होता आणि आता गंजच पात्याला धरून होता. गोड्या तेलाचा एक थेंब, दोनदा उघडझाप, की पातं भर कोर्टात लोंबायला लागलं असतं.

"झटका बरं," दीनानाथराव म्हणाले.

हबीबने झटकला. पातं हललं नाही.

"पुन्हा."

पुन्हा झटकला. नाही.

मागच्या बाकावर कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "हबीबचा चाकू हवेनं उघडते म्हने." दोघे-तिघे हसले. बाजारातलीच माणसं होती.

सरकारी वकील उठले. आवाज मऊ.

"उस्ताद, आमच्या घरी तुमच्या हातचा अडकित्ता आहे. वीस वर्षं झाली."

"मेहरबानी, साहेब."

"अजून सांधा ढिला झालेला नाही. मग तुमच्या हातचा चाकू आपोआप उघडतो, हे कसं?"

हबीबने चंद्रकोरीकडे पाहिलं.

"घट्ट हाय, साहेब. माह्या हातचा चाकू असा नाई उघडत."

दीनानाथराव पुढे झाले. "आरोपीची बायको, ही बाई, पौषात हा चाकू तुमच्याकडे दुरुस्तीला घेऊन आली होती. तुम्ही तो या सुतळीनं बांधून परत दिलात."

"बाजारात शंभर लोक येतात, वकीलसाहेब. कोनाकोनाचं ध्यानात ठेवू?"

"आणि ही सुतळी?"

"सुतळीवर कुठं नाव रायते?"

पुन्हा हसले. या वेळी त्याच्या बाजूने.

गंजाचं दीनानाथरावांनी विचारलं नाही. काय विचारायचं ते त्यांना माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याने खाली पाहिलं.

कारकुनाने जबानी वाचून दाखवली. चाकू उत्तम प्रतीचा. कमान घट्ट. आपोआप उघडणे शक्य नाही. हबीबने उर्दूत सही केली. सहीही चांगली, वळणदार.

व्हरांड्यात तो चपला घालत होता तेव्हा पंचफुला खांबाला टेकून उभी होती.

"उस्ताद."

तो थांबला.

"चाकू चांगला हाय म्हनता."

"चांगलाच हाय, बाई."

"मंग मी कायले आलती तुमच्याकडे?"

हबीबने बोट कुर्त्याला पुसलं. मग पुन्हा पुसलं. तांबूस डाग कुर्त्यावर आला, बोटावरचा गेला नाही.

पौषातल्या बाजाराच्या दिवशी हबीबकडचं कमानीचं पोलाद संपलं होतं. चाकूला सुतळीचे दोन वेढे देऊन त्याने गाठ मारली होती आणि तो पंचफुलेच्या हातात देताना म्हणाला होता, "पुढच्या बाजारापर्यंत ही सोडू नोको, माय."