गुंडीला हाक

तिसऱ्यांदा तो कपाटाखाली हात घालून पालथा पडला आणि तिसऱ्यांदा मांजरीने फिस्कारून त्याला मागे रेटलं. जाळीच्या दाराची प्लॅस्टिकची टोपली खोलीच्या मधोमध उघडी होती. आत टॉवेल, टॉवेलवर माशाचा तुकडा. मांजरीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"झाडूने ढोस," आई म्हणाली.

त्याने ढोसलं. मांजर झाडूवरून उसळून बाहेर आली. चादर घेऊन आडव्या आलेल्या आईच्या मनगटावर तिने तीन लाल रेघा ओढल्या आणि पुन्हा कपाटाखाली गेली.

"मेली!" आई हात झटकत म्हणाली. "बायको गेली ती गेली, ही पीडा मागे ठेवून गेली."

बायको घर सोडून गेली, त्याला दोन महिने झाले होते. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. तिच्या सध्याच्या खोलीत मांजर चालत नव्हतं, पण आता दुसरी खोली मिळाली होती आणि येत्या रविवारी ती गुंडीला न्यायला येणार होती. बाकी काही नको, म्हणाली होती. भांडी नकोत, कपाट नको. फक्त गुंडी.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सावकाश, मापात काम करणारा माणूस. तो उठला, गुडघे झटकले आणि त्याने फोन लावला.

"हॅलो? काय झालं?" पलीकडून मशिनींची घरघर येत होती. दोन महिन्यांत त्याचा हा पहिला फोन होता.

"गुंडीला डॉक्टरकडे न्यायचंय. इंजेक्शन राहिलंय तिचं. पण टोपलीत जातच नाही."

"तू नेतोयस?"

"मग कोण नेणार?"

"मला वाटलं नव्हतं रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला.

"स्पीकरवर टाकतो. तू हाक मार."

त्याने फोन टोपलीत अगदी मागे, टॉवेलवर ठेवला. पलीकडे ती कुणाला तरी म्हणाली, "ए, जरा दोन मिनिटं बंद करा ना मशिनी." घरघर थांबली.

"गुंडे... ए गुंडाबाई... कुठे दडून बसलीस गं? ये, माझी शहाणी ती. ये, ये, ये."

कपाटाखालून आधी कान आले, मग मिशा. पोटाला धुळीचे पुंजके चिकटलेली मांजर त्याच्या पायाला ओझरतं घासून गेली, पण त्याच्याकडे तिने बघितलं नाही. सरळ टोपलीत शिरली आणि फोनवर गाल घासू लागली.

"अगं बाई, घुरघुरतेय! मला ऐकू येतंय!" ती हसली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी हसल्या.

त्याने दार लावलं. मग हात जाईल एवढंच उघडून फोन बाहेर ओढला आणि खिटी सरकवली.

"गेली आत?"

"गेली."

"उपकार झाले रे तुझे."

दवाखान्यात तो आईलाही घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी मांजर टेबलावर घेतली, डोळे पाहिले, जबडा उघडून पाहिला.

"कसलं इंजेक्शन म्हणालात?"

"झोपेचं. कायमचं."

आईने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, सात वर्षांची असेल जेमतेम. दात बघा, ठणठणीत आहे. नको असेल तर देऊन टाका कुणाला तरी."

"कुणी घेत नाही. चावते, ओरबाडते." त्याने आईचा हात धरला, बाही वर सारली आणि मनगट टेबलावर ठेवलं. "आईला साखर आहे. तिच्या जखमा भरत नाहीत."

डॉक्टरीणबाई आईकडे वळल्या. "आजी, नेहमी असं करते का ही?"

आईने मुलाकडे पाहिलं. मनगट अजून त्याच्याच हातात होतं.

"हो," आई म्हणाली. "नेहमीच."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे केला. 'मालक' लिहिलं होतं तिथे त्याने सही केली. सुवाच्य, पूर्ण नावाची.

संध्याकाळी आई मनगटाला मलम लावत बसली असताना बायकोचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर घेतला.

"टोचलं का रे? फार रडली का?"

"नाही. एकदाही ओरडली नाही."

"गुणाची गं माझी. ऐक ना, रविवारी दुपारी येते मी. खिडकीला जाळी लावून घेतलीय. तिला उन्हात बसायला फळीसुद्धा ठोकलीय, मीच ठोकली."

तिचं सगळं बोलून होईपर्यंत तो थांबला.

"रविवारी येऊ नकोस. गुंडी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे मी डॉक्टरकडून तिला संपवलं. सकाळी दोन तास कपाटाखाली हात घालून पडलो होतो. कंटाळून सोडूनच देणार होतो. तू हाक मारलीस म्हणून आली."

पलीकडून जे आलं ते ऐकवेना म्हणून आईने कानांवर हात ठेवले. तो मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिला. फोन बंद झाला, तेव्हा त्याने तो चार्जिंगला लावला.

"सांगितलंस कशाला तिला?" आईने कानांवरचे हात काढले. "पळून गेली म्हणाला असतास. जन्मात कळलं नसतं."

त्याने आईकडे पाहिलं, एखाद्या लहान मुलाला समजावताना बघतात तसं.

"कळलंच नसतं, तर मग केलं कशाला असतं?"