दोन शेड खाली

"दोघी सारख्याच दिसतायत," प्रणित कॅमेऱ्यामागून म्हणाला. "असं कसं चालेल?"

जाहिरात साधी होती, गोरं करणाऱ्या क्रीमची. आधी क्रीम न लावलेला चेहरा, मग लावलेला. लावलेला चेहरा अक्षदाचा. कंपनीने तिच्याशी वर्षभराचा करार केला होता. न लावलेला चेहरा प्रणितने सकाळी तिच्याच खळ्यावर निवडला. यमू पेंढा रचायला आली होती, तिला बोट दाखवून त्याने बाजूला घेतलं. "अस्सल ट्रायबल फेस," तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. "इथेच मिळाला." रानात कंद मिळावा तसा.

यमू खालच्या ठाकरवाडीतली. अक्षदाच्या बापाच्या शेतावर लावणीपासून झोडणीपर्यंत राबणारी. सातवीपर्यंत दोघी एका बाकावर बसायच्या. आता शेजारी उभं करून दिवे लावले आणि पडद्यावर पाहतात तो काय, रंगात तसूभर फरक नाही. सिद्धगडाखालच्या उन्हाला गाव कुठलं आणि वाडी कुठली, काही कळत नाही.

"हिला दोन शेड खाली घे," प्रणित मेकअपवालीला म्हणाला. "आणि मॅडमना दोन वर."

मेकअपवालीने एक छोटी डबी उघडली. आत काजळीत माती कालवावी तसा गडद लेप होता.

अक्षदा त्या डबीकडे बघत राहिली. तीन वर्षांपूर्वी याच खळ्यावर बसून तिने पहिला व्हिडिओ टाकला होता. तोंडाला काही न लावता. "आमी काळ्याच. मग?" एवढंच बोलली होती, आणि बघता बघता दोन लाख माणसं तिच्यामागे आली. खर्डी-वाशिंदच्या पोरी तिला अजून लिहायच्या, ताई, तुझ्यामुळे मी वर्गाच्या फोटोत पुढं उभी राहिले. आजही एक वाक्य पुरलं असतं. हे मी करणार नाही. ती दिव्यांसमोरून बाजूला झाली असती तर शूटिंग जागच्या जागी थांबलं असतं, आणि करारही गेला असता. तिने ते वाक्य मनात दोनदा जुळवलं.

"मॅडम, काही इश्यू?" प्रणितने विचारलं. विचारायची रीत मोठी गोड होती त्याची.

"नाय," अक्षदा म्हणाली. मग सावरून म्हणाली, "नाही नाही. चालू द्या."

यमू खुर्चीत ताठ बसली होती, डोळे मिटून. स्पंज तिच्या कपाळावरून गालावर आला, गालावरून गळ्यावर, कानांच्या मागेसुद्धा. इतक्या हलक्या हाताने तिचं तोंड आजवर कुणी धरलं नसेल.

"गारेगार लागतं गो," ती म्हणाली आणि हसली.

"हसायचं नाही," प्रणित म्हणाला. "उदास. खाली बघ."

यमूने खाली बघितलं. शॉट पहिल्याच फटक्यात ओके झाला.

अक्षदाच्या शॉटला दोन तास लागले. ती वळली, हसली, स्वतःच्या गालावरून बोटं फिरवली. पडद्यावरची ती गोरीपान बाई बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी प्रणितने पुन्हा एकदा हसायला सांगितलं, तेव्हा ती हसली.

सामान गाडीत चढायला लागलं तशी यमू जवळ आली. लेप तसाच होता, घामाने कपाळाशी थोडा फुटलेला.

"धू ना ते," अक्षदा म्हणाली. "थांब, पानी देते."

"इतक्यात?" यमू दचकून मागे सरली. "हळद लावली का लगेच धुतं का कोन? लेप काळा हाय खरा, पन त्याचं कायतरी काम असंल. मी सकाळी धुनार." मग तिने आवाज खाली आणला. "त्यांनी आरसा नाय दावला मला. पन तू व्हतीस ना हितं. तू व्हतीस म्हनून बसले मी, नायतर ह्या लोकांना तोंडाला हात लावून दिला असता का?"

आता सांगायला हवं होतं. हे क्रीम नाही यमू, हा नुसता काळा रंग आहे. मी गोरी दिसावी म्हणून तुला काळी केली, आणि मी बघत उभी राहिले. शब्द सगळे तयार होते. अक्षदाने तोंड उघडलं, आणि गाडीतून प्रणितने हाक मारली, "मॅडम, लाजवाब! पुढच्या महिन्यात दुसरी फिल्म!"

तिने वळून त्याला हसून हात केला.

"थोडं उरलं असंल ना त्या डबीत?" यमू म्हणाली. "राहीला लावीन. शाळंत पोरं लय चिडवतात गो तिला, रडत येते घरी."

राही तिची धाकटी बहीण. नऊ वर्षांची.

मेकअपवाली पेटी आवरत होती. तिने वरही न बघता डबी अक्षदाच्या हातात दिली. "घेऊ दे. संपलीच आहे."

यमू धावत गेली आणि बांधावरचं सागाचं पान तोडून घेऊन आली. ते तिने दोन्ही हातांनी पुढे धरलं. अक्षदाने डबीत बोट घातलं, तळाशी होता नव्हता तेवढा लेप निपटून पानावर काढला. काठाला लागलेलासुद्धा.

"पान नीट दुमड," ती म्हणाली. "नायतर सांडंल."