कार्डावरचं नाव

ग्रुनवाल्डची लढाई जिंकणारा पोलंडचा राजा कोण, असा प्रश्न येताच ज्ञानदानं बझर दाबला. “व्वादिस्वाफ.”

“चूक. लॅडिस्लॉस,” मुंबईहून आलेले क्विझमास्तर म्हणाले.

“माणूस एकच आहे, सर. पोलिश लोक व्वादिस्वाफच म्हणतात. महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिथं माझ्या आजोबांनी ऐकलंय.”

“इंग्रजीत लॅडिस्लॉस. कार्डावर आहे तेच बरोबर.”

एका गुणानं ढाल गेली. ज्ञानदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजाचं पुन्हा बारसं करणारे हे कोण?

बक्षीस समारंभात क्विझमास्तरांनी कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं नाव वाचलं. “उपविजेती, डिनायनाडा कुंभोजकर.” कुणीच उठेना. त्यांनी पहिल्या रांगेतल्या ज्ञानदाकडे बघितलं. “अगं, तूच ना?”

“कार्डावर आहे तेच बरोबर, सर. ती आज आलेली नाही.”